पेज काय जेवान हाय गो?

एसटीत चढल्यावर खिडकी सोडून दाराजवळची जागा धरणारी काही माणसं असतात. परक्या गावी पोचली की आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवतात. लग्नात पानं मांडली की 'आत्ताच खाऊन आले' असं खुशाल खोटं बोलतात. त्या माणसांसाठी हे लिहिते आहे, कारण मी त्यांच्यातलीच एक आहे.

मी रोह्याच्या एका शाळेत मराठी शिकवते. गावाला लागूनच वरसेला राहते. आमचे हे धाटावला कंपनीत ऑपरेटर आहेत, तीन शिफ्टमध्ये फिरत असतात. माझं माहेर पेणजवळ, खाडीकाठच्या खारेपाटात. औषधांची नावं आणि मात्रा इथे लिहिणार नाही, ती तुमच्या डॉक्टरांना विचारा. बरं वाटत असताना पुन्हा पुन्हा तपासणीला जायचं की नाही हे मी कसं ठरवलं, तेवढंच सांगायचं आहे. फार शहाणपणाने ठरवलं असं मुळीच नाही.

कायमचा म्हणजे किती दिवस?

पहिली तीन वर्षं मी मूळव्याधीची औषधं घेतली. रक्त पडतं म्हणजे मूळव्याध, असं घरात ठरलं, शेजारी ठरलं आणि मीही मान्य केलं. मूळव्याध चारचौघांत सांगता तरी येते आणि प्रत्येकाकडे तिच्यावर एक पाला असतोच. पुढे दिवसातून बारा-पंधरा वेळा जावं लागायला लागलं. साडीचा काठ कमरेभोवती दोनदा फिरायला लागला. एकदा फळ्यावर 'समास' हा शब्द पुरा होण्याआधी मला वर्गातून पळावं लागलं, तेव्हा ह्यांनी रजा टाकली आणि मला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. एक्याण्णव साल होतं.

तिथे पहिल्यांदा दुर्बीण झाली. आमच्याकडे या तपासणीला सगळे दुर्बीणच म्हणतात. खालच्या वाटेनं लांब नळी घालून मोठं आतडं आतून बघतात. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग पदर डोळ्यांना लावून बसली.

डॉक्टर व्हरांड्यात ह्यांच्याशी बोलले, माझ्याशी नाही. आतडं माझं, पण निरोप ह्यांच्याकडे. हे आत आले, खाटेखालच्या माझ्या चपला नीट लावल्या आणि म्हणाले, "आतड्याला आतून जखमा झाल्यात. औषधानं बसतील. पण आजार कायमचा हाय."

"कायमचा म्हणजे किती दिवस?" मी विचारलं.

मराठी शिकवणाऱ्या बाईनं विचारावा असा हा प्रश्न नव्हता, पण मी विचारला. हे उठले. माझा डबा, पेला, चमचा घेऊन नळावर गेले आणि सगळं घासून आणलं. ते आधीच स्वच्छ होतं. हे घाबरले की भांडी घासतात, हे मला लग्नानंतर सहा महिन्यांतच कळलं होतं.

संडास घरात

गोळ्यांनी माझं तोंड फुगून गोल झालं. स्टाफरूममध्ये सगळ्या म्हणाल्या, "मालतीबाई, तब्येत छान झाली हो!" मीही हसून 'हो' म्हटलं. घरी येऊन आरसा पालथा घातला.

तेव्हा आम्ही रोहा गावात चाळीत राहायचो, चार घरांत एक संडास. हे मला न विचारता वरसेला घर बघून आले. गेलो तर स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागे आणि पाणी दुसऱ्या गल्लीतून आणायचं.

"अहो, घर बघताना नक्की काय बघितलंत?" मी विचारलं.

"संडास घरात हाय."

"आणि बाकी?"

"बाकी काय बघायचं होतं?"

त्या दिवशी मला हा माणूस इतका आवडला की भांडायचं राहून गेलं.

एरवी भांडत होतेच. आजारी माणूस गरीब होतो असं म्हणणाऱ्यांनी मला पाहिलेलं नाही. हे दार वाजवून "बरी हायस ना?" विचारत, तर मी आतून खेकसत असे. न विचारलं तर विचारलं नाही म्हणून रुसत असे. दोन-अडीच वर्षं आमच्यात नवरा-बायकोसारखं फार काही उरलं नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण कुठल्याच डॉक्टरनं मला ते आधी सांगितलं नव्हतं आणि मला वाटायचं की हे फक्त आमच्याच घरात चाललं आहे.

पेणला जायचं तर एसटीनं. नागोठण्याला गाडी थांबते, तेवढाच आधार. ह्यांनी एका कंडक्टरला सांगून ठेवलं, तर तो भला माणूस नागोठणं आलं की सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडायचा, "बाई, जाऊन या निवांत! गाडी उभी हाय!" पहिल्या वेळी मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण परत आले तेव्हा माझ्या जागेवर एका कोळणीनं टोपली ठेवून ती राखली होती. म्हणाली, "बस गो बाय. माझ्या भैनीला पन असाच व्हता." तिचं नावही मला ठाऊक नाही.

चौथ्या वर्षी आजार शांत झाला. का झाला ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. तोंड पुन्हा माझं झालं. पेणच्या स्टँडवर उभं राहून मी वडापाव खाल्ला आणि काही झालं नाही. सहावीच्या मुलांना घेऊन सहलीला गेले. दोन वर्षं मी अगदी चारचौघींसारखी जगले.

पातळ पदार्थ

तोवर पेणला, रामवाडीजवळच्या एका छोट्या इस्पितळात, मुंबईचे एक डॉक्टर महिन्यातून एका रविवारी दुर्बीण घेऊन येऊ लागले होते. सत्त्याण्णवच्या सुरुवातीला गोळ्या बदलून घ्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बाई, नऊ वर्षं होत आली. आजार इतका जुना झाला की आतड्यात नको ते उगवायची भीती असते. दुखत नाही, कळत नाही. बघितलं तरच दिसतं. आता एकदा बघू आणि मग दरवर्षी."

'एकदा' हा शब्द मी ऐकला. 'दरवर्षी' हा मी ऐकला नाही असं दाखवलं.

आदल्या दिवशी माहेरी गेले, कारण जुलाबाचं औषध पिऊन रोह्याहून एसटीत बसण्याची माझी काय, त्या कंडक्टरचीही छाती नव्हती. डॉक्टरांनी छापील कागद दिला होता. त्यावर लिहिलं होतं, 'आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ घ्यावेत.' दुपारभर ते खारट औषध पीत होते आणि परसात फेऱ्या मारत होते. संध्याकाळपर्यंत पायांत त्राण उरलं नाही. आईला ते बघवेना. तिनं तांदळाची पेज केली. मऊसूत, वर मिठाचा कण.

"आई, जेवायचं नाही सांगितलंय."

"पेज काय जेवान हाय गो? पेज तं पानी. कागदावर काय लिवलाय?"

"पातळ पदार्थ."

"मंग? पेज पातल नाय त काय घट हाय?"

आता यात काय चुकलं सांगा. आमच्याकडे बाळंतिणीला पेज, तापकऱ्याला पेज, म्हाताऱ्याला पेज. जेवण म्हणजे भात, कालवण आणि मासळीचा तुकडा. पेजेला कुणी जेवण म्हणत नाही. मी मराठीची शिक्षिका, शब्दाचा अर्थ संदर्भानं घ्यावा हे दरवर्षी शिकवते, आणि मी वाटी उचलली. खोटं कशाला बोलू, दुसरीही मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर अर्धवट गुंगीत मी डॉक्टरांचा आवाज ऐकला. "हे काय? भात?"

नंतर त्यांनी आईसमोरच सांगितलं. डावी बाजू नीट दिसली, स्वच्छ आहे. उजव्या बाजूला सगळीकडे शितं. तिथलं काही दिसलं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागेल.

आई भिंतीला टेकून उभी होती. रिक्षात बसल्यावर फक्त एवढंच म्हणाली, "मी खालवली तुला पेज."

तुझ्या मनावर

मी पुन्हा करायची नाही असं ठरवलं. मला काही होत नाही, मी बरी आहे, मग कशाला? सगळ्यांना हेच सांगत होते आणि ते पटण्यासारखं होतं. खरंच होतं ते. तपासणीच्या कागदावर नाव लिहिलं की मी शाळेतल्या बाईची पुन्हा पेशंट होते. उघड्या पाठीचा तो झगा, कुशीवर वळा, पाय पोटाशी घ्या. हे एकदा नाही, दरवर्षी, जन्मभर. बऱ्या माणसानं आपण होऊन तिकडे का जावं?

हे म्हणाले, "तुझ्या मनावर हाय."

मला वाटलं होतं, भांडतील. हात धरून नेतील. 'तुझ्या मनावर' म्हटल्यावर मला इतका राग आला की दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर हे पहिल्या शिफ्टहून येऊन मोरीत बसलेले. घरातला एकूण एक पितळी डबा चिंचेनं घासून ओळीनं वाळत घातलेला. माळ्यावरचे, वापरात नसलेलेसुद्धा.

मी दारातच उभी राहिले. ह्यांच्या मनावर काय आहे ते कळलं. चहा टाकला. त्या चहात साखर घालायला मी विसरले आणि ह्यांनी तो तसाच प्यायला.

बांधावर

होळीला माहेरी गेले. धुळवडीच्या सकाळी वहिनीनं सगळ्यांना पेज वाढली. आईपुढे मात्र कोरा चहा आणि बेकरीतलं सुकं बटर.

"आई, तुला पेज?"

आईनं बटर चहात बुडवलं. वहिनी म्हणाली, "त्यांनी सोरलीय. तुमची तपासनी बिघरली त्या दिसापासून. दुर्बीन नीट व्हईस्तवर तोंडाला लावनार नाय, असा देवाला सांगितलाय."

आईनं वहिनीकडे असं बघितलं की वहिनी ताट घेऊन आत गेली.

आमच्याकडे देवापाशी एखादा पदार्थ सोडतात, पण सोडताना लोक शहाणे असतात. कुणी कारलं सोडतं, कुणी दुधी. आईनं पेज सोडली होती, जी ती कळायला लागल्यापासून रोज सकाळी खात आली होती. मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सरकलेल्या मला तेव्हा दिसल्या. मला गलबलून आलं आणि त्याहून जास्त राग आला. ही सरळसरळ जबरदस्ती होती.

आई चिखल वाहायची पाटी घेऊन बांधावर निघाली. पुनवेचं मोठं उधाण येऊन गेलं की खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून ती बांध बघायला जाते. वडील गेल्यापासून हे काम तिनं कुणाला दिलेलं नाही. मी भांडायला मागे गेले.

"हे तू माझ्यासाठी केलंस ना? म्हणजे मी मुकाट्यानं जावं?"

"तुझ्यासाठी कशाला? माझ्या हातनं चुकला, मी सोरली. तुला जायाचा त जा, नाय त नको जाव."

"आणि मी नाहीच गेले तर? जन्मभर चहा-बटर खाणार?"

"बटर काय वंगाळ लागतंय?"

ती पुढे, मी मागे. मध्येच वाकून तिनं खेकड्याचं एक बीळ बघितलं, पायानं दाबलं, चिखलाचा गोळा बसवला. मला लगेच कळलं. "आई, मला दृष्टांत देऊ नकोस हं!"

"कसला दिष्टांत? ती पाटी आन इकरं."

तिला खरंच काही सुचवायचं नव्हतं. तिला चिखल हवा होता. मी पाटी नेऊन दिली, आणि का कोण जाणे, तिथे खारट चिखलात उभ्याउभ्या, कुणाजवळही न बोललेलं बोलले. "आई, मला भीती वाटते. बघितलं आणि काही निघालं तर?"

आईनं हात पदराला पुसले. "निघाला त निघाला. नाय बघितला त काय ते जानार हाय?" मग माझ्या गालावरून हात फिरवला. हात पुसला होता तरी गालाला चिखल लागलाच. "मना पन भ्याव वाटतंय गो. रोज वाटतंय."

येताना एसटीत मी दाराजवळ बसले होते. बरी आहे म्हणून जायचं नाही, असं मी इतके दिवस सांगत होते. ते कारण खोटं नव्हतं, पण ते पुढे करून मी दुसरं लपवत होते. एकदा भीती वाटते असं तोंडानं म्हटल्यावर पहिलं कारण टिकेना. घरी पोचल्यावर ह्यांना म्हटलं, "करून घेते. पण या वेळी डॉक्टरांनी आधी मला सांगायचं, तुम्हाला नाही."

ह्यांनी मान हलवली आणि तोंड धुवायला म्हणून आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसऱ्यांदा

आदल्या दिवशी पुन्हा माहेरीच गेले. दुसरीकडे गेले असते तर आईच्या मनाला लागलं असतं. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. वहिनी पोरांना घेऊन शेजारी जेवली आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसली. मी पाण्याचा पेला घेतला तरी वाकून बघायची.

तपासणी झाली. नवीन काही नाही, तीच कूस, तोच झगा. फक्त या वेळी हे आत होते. माझ्या पायांवरची चादर सारखी सरकत होती आणि हे ती सारखी ओढत होते. सिस्टर म्हणाली, "राहू द्या हो." ह्यांनी ऐकलं नाही.

तो छापील कागदही मी डॉक्टरांना दुरुस्त करून दिला. 'पातळ' खोडून 'आरपार दिसणारे' लिहिलं आणि खाली एक ओळ वाढवली: 'पेज हेही जेवणच समजावे.' डॉक्टर मोठ्यानं हसले. पुढच्या महिन्यापासून कागद तसाच छापून यायला लागला.

एक छोटी गाठ सापडली होती. ती तिथल्या तिथे काढून तपासायला पाठवली. अहवाल यायला बारा दिवस लागले. ते बारा दिवस मी मुलांकडून निबंध लिहून घेत होते आणि एकही निबंध मला आठवत नाही.

तेराव्या दिवशी मुंबईला त्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ठरल्याप्रमाणे मलाच समोर बसवलं. म्हणाले, कॅन्सर नाही. पण गाठीत बदल सुरू झाले होते. अजून वर्ष-दोन वर्षं राहिली असती तर आपण आज वेगळं बोलत असतो. कधीतरी सगळं मोठं आतडं काढायची वेळ येऊ शकेल, आज ती आलेली नाही. आता मात्र वर्षानं नाही, सहा महिन्यांनी बघायचं.

"कुठे होती?" मी विचारलं.

"उजवीकडे. गेल्या वेळी जिथलं दिसलं नव्हतं, तिथेच."

मी टेबलावरचं पेन त्यांच्याकडे सरकवलं. मग म्हटलं, "पुढची तारीख लिहून द्या."

तेव्हापासून आजवर चार वेळा झाली. दर वेळी आदल्या आठवड्यात माझी चिडचिड होते, दर वेळी एकदा तरी म्हणते की आता पुरे, आणि जाते. सवय होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सवय होत नाही. पिशवीत जादा साडी ठेवा, शाळेत किंवा कंपनीत एका तरी माणसाला खरं सांगून ठेवा आणि जे काही निघेल ते आधी तुम्हाला सांगायचं, असं डॉक्टरांना बजावा. यापलीकडे मला फारसं कळत नाही.

कुठं व्हती?

त्या गाठीचा अहवाल घेऊन मी सरळ माहेरी गेले. आई अंगणात मिरच्या निवडत होती. सांगितलं, गाठ होती, काढली, वाईट नाही. तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग विचारलं, "कुठं व्हती?"

मी डाव्या कुशीवर हात ठेवला.

आई माझ्या हाताकडे बघत राहिली. "ती बाजू त त्यांनी तवाच बघितली व्हती ना? साफ हाय बोललं व्हतं."

"तेव्हा नव्हती. नंतर आली."

"नंतर?"

"हो. नंतर."

तिनं एक मिरची उचलली, देठ काढला, सुपात टाकली. माझा हात अजून डाव्या बाजूलाच होता. ती पुढे झाली, तो हात तिनं आपल्या हातात घेतला आणि मांडीवर ठेवून घेतला.

"डावीकरं," ती म्हणाली.

"डावीकडं," मी म्हटलं.

"बरा," आई म्हणाली. त्यानंतर तिनं मला पुन्हा कधी विचारलं नाही.